बीएस्सी मायक्रो संपत आलंय, रोगजंतूंच्या जीनोमवर काम करायचंय, एमएस्सी कशात करू?

बार्शीची_मृण्मयी:

नमस्कार सगळ्यांना. आत्तापर्यंत इथे नुसती वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच.

मी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कल्चर, ग्रॅम स्टेन, बायोकेमिकल टेस्ट हे सगळं मनापासून आवडतं. पण २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची (गिलियन-बारे सिंड्रोम, ज्यात नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात) साथ आली तेव्हा माझी मावसबहीण सिंहगड रोडलाच राहत होती, रोज फोन चालायचे, आणि पेपरात यायचं की रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय आणि नोरोव्हायरस सापडले. तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय की जंतू ओळखायचा कसा इथपर्यंत आम्हाला शिकवलंय, पण सगळ्या रुग्णांतला जंतू एकच आहे का, तो आला कुठून, आधीच्यापेक्षा बदललाय का, आणि एकाला नुसते जुलाब होतात अन दुसऱ्याचे पाय लुळे पडतात ते का, हे कसं शोधतात? आमच्या सरांना विचारलं तर म्हणाले हे सगळं आता सिक्वेन्सिंग (जंतूच्या जीनोमची अक्षरं वाचणं) आणि बायोइन्फर्मॅटिक्समधून (तो डेटा कॉम्प्युटरवर तपासणं) होतं, तू त्यात एमएस्सी कर.

आता माझे प्रश्न असे की एमएस्सी थेट बायोइन्फर्मॅटिक्समध्ये करावं की मायक्रोमध्येच करून कॉम्प्युटरचं नंतर शिकावं, की व्हायरॉलॉजी? बारावीला मला गणित होतं पण मार्क जेमतेम, कोडिंग कधीच केलेलं नाही, ते जमेल का? घरी एक लॅपटॉप आहे ८ जीबी रॅमचा, तो चालेल का? आणि बाबांचा प्रश्न म्हणजे नोकरी कुठे मिळते. पुण्यात राहायचा खर्च, फी, सगळं आधीच बघावं लागणार आहे, त्यामुळे भारी वाटतंय म्हणून घेतलं असं आम्हाला परवडणार नाही. ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांनी सांगा प्लीज.

पाषाणकर:

मृण्मयी, मी पुण्यात बायोइन्फर्मॅटिक्समध्ये एमएस्सी केलं आणि कोविडच्या काळात एका सरकारी सिक्वेन्सिंग लॅबमध्ये डेटाच्या बाजूला होतो, अजूनही विषाणूंवरच काम करतो. जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाच.

आधी तुझा जीबीएसचा प्रश्नच घेऊ कारण त्यात हे अख्खं क्षेत्र आलंय. कॅम्पायलोबॅक्टर जेजुनायचा जीनोम छोटा असतो, साधारण १६ लाख अक्षरांचा. त्याच्या बाहेरच्या आवरणावर एक साखरेची रचना असते आणि काही स्ट्रेनमध्ये (जंतूच्या उपप्रकारांत) त्या साखरेला सियालिक आम्ल जोडणारी जीन्स असतात. अशा स्ट्रेनचं आवरण आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूसारखं दिसतं, मग जंतूविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडी आपल्याच नसांवर जातात. सगळ्या स्ट्रेनमध्ये ती जीन्स नसतात. म्हणजे जीनोम हातात आला की दोन गोष्टी बघायच्या, एक म्हणजे वेगवेगळ्या रुग्णांतले जंतू वंशवृक्षावर एकाच फांदीवर बसतात का, आणि दुसरं ती आवरणाची जीन्स आहेत का आणि कुठल्या प्रकारची. पण यातली खरी अडचण कॉम्प्युटरच्या आधीच येते. जुलाब होऊन गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी कधीकधी त्याहून उशिरा पाय लुळे पडायला लागतात, तोवर शौचातला जंतू बऱ्याचदा निघून गेलेला असतो, लॅबमध्ये वाढवायला गेलं तर कल्चर लागत नाही. म्हणजे ज्या रुग्णाचा जीनोम सगळ्यात जास्त हवा नेमका त्याचाच मिळत नाही. हे ज्याला माहीत नाही तो हातात आलेल्या चार जीनोमवरून झाड काढेल आणि साथीबद्दल भलतंच सांगेल. त्यामुळे तुझं मायक्रो वाया जाईल अशी भीती असेल तर ती आत्ताच काढून टाक. या कामात तेच तुझं भांडवल आहे.

दुसरं उदाहरण कोविडचं. सार्स-कोव्ह-२ चा जीनोम २९,९०३ अक्षरांचा. तो सलग वाचत नाहीत, साधारण ४०० अक्षरांचे एकमेकांवर थोडे चढलेले तुकडे पीसीआरने वाढवतात आणि मग वाचतात. प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना प्रायमर असतात, म्हणजे पीसीआरला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे. आर्टिक नावाचा प्रायमर संच जगभर वापरला जायचा, त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत डेल्टाच्या वेळी घोळ झाला. डेल्टाच्या स्पाइक प्रोटीनमधल्या १५६-१५७ नंबरच्या अमिनो आम्लांजवळची जीनोमची अक्षरं गळलेली होती आणि ७२व्या तुकड्याचा एक प्रायमर बरोब्बर तिथेच बसायचा, त्यामुळे तो तुकडा नीट वाढेचना. १४२ नंबरची जागा त्याच तुकड्यात वाचली जायची. आणि पुढच्या ७३व्या तुकड्याचा प्रायमर त्याच जागेवर बसतो, प्रायमर तर आपण बनवलेला असतो, मूळ वुहानच्या क्रमाप्रमाणे. तो कापून टाकला नाही तर १४२ ला बदल नाही असं दिसतं, खरं तर तिथे जी१४२डी (१४२ नंबरच्या जागी जी अमिनो आम्लाऐवजी डी) हा बदल असायचा. म्हणजे फाइल स्वच्छ, क्वालिटी स्कोअर झकास, आणि उत्तर चूक. जगभरच्या डेटाबेसमध्ये असे जीनोम गेले. २०२१ च्या जूनमध्ये आर्टिकची चौथी आवृत्ती आली त्यात हे प्रायमर बदलले.

एवढं सगळं सांगायचं कारण, बायोइन्फर्मॅटिक्स म्हणजे सॉफ्टवेअरचं बटण दाबणं असं शिकवणारे कोर्स खूप आहेत. पाइपलाइन (एकामागून एक चालणाऱ्या सॉफ्टवेअरची साखळी) आता कोणीही चालवतं. ती खोटं बोलतेय हे ज्याला ओळखता येतं तो माणूस लॅबला हवा असतो, आणि ते ओळखायला प्रायमर म्हणजे काय, नमुना कुठून आला, जंतू कसा बदलतो हे अंगात मुरलेलं लागतं. म्हणून एमएस्सी निवडताना कोर्सच्या नावाकडे बघू नकोस, सिलॅबसकडेही फार नको कारण कागदावर सगळे सारखेच दिसतात. चौथ्या सेमिस्टरचं प्रोजेक्ट मुलं कुठे करतात ते बघ. मागच्या दोन-तीन बॅचच्या मुलांचे प्रबंधाचे विषय मागून घे. त्यात खऱ्या नमुन्यांचा, खऱ्या रीड्सचा (मशीनने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांचा) डेटा आहे का की नुसतं एका प्रोटीनवर औषधाचं डॉकिंग (औषधाचा रेणू कॉम्प्युटरवर बसवून बघणं) करून सोडून दिलंय? दहापैकी आठ प्रबंध डॉकिंगचे असतील तर तुझ्या कामाचा कोर्स नाही. आणि विभागाला स्वतःचा सर्व्हर आहे का, मुलांना त्यावर लॉगिन मिळतं का, हे तिथल्याच मुलांना विचार.

पुण्याचा फायदा खरा आहे. विद्यापीठाचं बायोइन्फर्मॅटिक्स सेंटर १९८७ चं आहे, डीबीटीच्या (केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग) पहिल्या केंद्रांपैकी. प्रोटीनच्या क्रमावरून अँटिजेनिक (प्रतिकारशक्ती ज्याला ओळखते तो) भाग कुठला असेल ते सांगणारी कोळसकर-टोणगावकर पद्धत १९९० मध्ये इथून आली, आजही लस डिझाइन करणारे लोक ती वापरतात, आणि जपानी एन्सेफलायटिसच्या विषाणूच्या आवरण-प्रोटीनचं मॉडेलही कोळसकर आणि उर्मिला कुलकर्णी-काळे यांनी इथेच केलं. शिवाय एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आहे, १९५२ पासून. एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था विद्यापीठाच्या आवारातच. २०२० च्या डिसेंबरात कोविडच्या सिक्वेन्सिंगसाठी इन्साकॉग हे लॅबचं जाळं स्थापन झालं तेव्हाच्या पहिल्या १० लॅबमध्ये या दोन्ही होत्या. एनआयव्हीत विद्यापीठाशी जोडलेलं एमएस्सी व्हायरॉलॉजीही चालतं, तेही तुझ्या यादीत ठेव.

माझं मत विचारशील तर बायोइन्फर्मॅटिक्सच कर, पण प्रोजेक्ट मात्र वेट लॅबच्या (जिथे प्रत्यक्ष प्रयोग होतात) शेजारी बसून.

सूक्ष्मदर्शी:

पाषाणकरांचं बरंचसं पटलं पण शेवटचं वाक्य पटलं नाही म्हणून लिहितेय. मी विदर्भातल्या एका टीबी रेफरन्स लॅबमध्ये आहे, एमएस्सी मायक्रोबायोलॉजी केलं आणि सिक्वेन्सिंगचं काम आल्यावर डेटाचं शिकले. माझ्याकडे दोन्ही प्रकारची मुलं ट्रेनिंगला येतात. मायक्रोवाली मुलगी सहा महिन्यांत कमांड लाइनवर बऱ्यापैकी रुळते, पण बायोइन्फर्मॅटिक्सवाल्याला कंटॅमिनेशन म्हणजे काय, थुंकीचा नमुना चांगला की नुसती लाळ आलीय, एमजीआयटी (टीबीचा जंतू वाढवायची नळी) पॉझिटिव्ह आली तरी आत टीबीच आहे असं का धरायचं नाही, हे समजवायला फार वेळ जातो. आणि घरची परिस्थिती बघता, मृण्मयीताई, एमएस्सी मायक्रो असेल तर हॉस्पिटलची लॅब, फार्मा, पाणी तपासणी, अन्न तपासणी ही दारं उघडी राहतात. नुसत्या बायोइन्फर्मॅटिक्सच्या डिग्रीवर डायग्नॉस्टिक लॅबमध्ये बेंचवर घेत नाहीत.

टीबीचं काय काम असतं ते सांगते, तुला अंदाज येईल. एच३७आरव्ही हा टीबीच्या जंतूचा संदर्भ जीनोम १९९८ ला आला, ४४,११,५३२ अक्षरं आणि जवळपास ४ हजार जीन्स. कोविडच्या मानाने दीडशे पट मोठा, पण बदलतो अगदी हळू, वर्षाला सरासरी अर्धा एसएनपी (एका अक्षराचा बदल). म्हणून दोन रुग्णांमध्ये ५ किंवा त्याहून कमी एसएनपीचा फरक असेल तर नुकताच संसर्ग झालाय असं समजतात आणि १२ च्या वर गेला तर एकमेकांकडून झाला नसावा असं. पण हे आकडे २०१३ मध्ये इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या अभ्यासातून आलेत, तिथे टीबी कमी. आपल्याकडे एका चाळीत वर्षानुवर्षं तेच वंश फिरत असताना तो आकडा तसाच्या तसा लावायचा का, हा विचार करणारा माणूस हवा असतो. टीबीच्या जीनोममध्ये पीई-पीपीई नावाची जीन्स आहेत, जवळजवळ दहावा हिस्सा त्यांनीच व्यापलाय, ती एकमेकांसारखी इतकी की छोट्या रीड्स कुठे बसवायच्या तेच कळत नाही. तो भाग झाकला नाही तर खोटे एसएनपी येतात आणि एकाच घरातल्या दोन रुग्णांचा संबंध नाही असं उत्तर निघतं.

औषध-प्रतिरोधाचंही तसंच. सीबीनॅट हे टीबी तपासायचं मशीन आरपीओबी जीनमधला फक्त ८१ अक्षरांचा तुकडा बघतं. रिफॅम्पिसिनला दाद न देणारे बहुतेक बदल तिथेच असतात, जसा एस४५०एल, त्यामुळे मशीन उपयोगी आहेच, तालुक्याला दोन तासांत रिपोर्ट मिळतो ही फार मोठी गोष्ट आहे. पण आफ्रिकेतल्या एस्वातिनीमध्ये आय४९१एफ हा बदल पसरला, तो त्या तुकड्याच्या बाहेर, त्यामुळे मशीन सांगत राहिलं की औषध चालेल, आणि रुग्ण बरे होत नव्हते. पूर्ण जीनोम वाचला तर हे दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये टीबीच्या बदलांची यादी काढली, २०२३ मध्ये दुसरी आवृत्ती, कुठला बदल खरंच प्रतिरोधाचा आणि कुठला नुसताच आहे असं प्रतवारी लावून. त्यातसुद्धा ‘अनिश्चित’ गटात कितीतरी बदल आहेत. डॉक्टरांचा फोन येतो की ताई, बेडाक्विलिन देऊ की नको, तेव्हा त्या अनिश्चित ओळीचं काय सांगायचं, हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं नाही. रिपोर्टच्या त्या टोकाला माणूस आहे, औषधं वर्षभर खाणारा, कामावरून काढलेला, घरात ताट वेगळं ठेवलेला. हे मनात ठेवून काम करणाऱ्या मुली आम्हाला हव्यात.

सह्यकडा:

प्रवेशाचं थोडक्यात. डीबीटीच्या मदतीने चालणाऱ्या बायोटेक आणि संलग्न एमएस्सीसाठी गॅट-बी ही परीक्षा असते, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी. पुण्यात कुठल्या कोर्सला कुठली परीक्षा धरतात ते त्या वर्षीच्या जाहिरातीत वाच, दरवर्षी बदल होतात, कोणाच्या जुन्या माहितीवर विसंबू नकोस. डीबीटीची बीईटी ही वेगळी, ती एमएस्सीनंतर पीएचडीच्या फेलोशिपसाठी, तसंच सीएसआयआर-नेट आणि आयसीएमआरची जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप). जेआरएफ मिळाली तर महिना ३७ हजार आणि वर घरभाडं, २०२३ पासून हा दर आहे, हे बाबांना सांग. गेट परीक्षेचा बायोटेक किंवा लाइफ सायन्सेसचा पेपरही देऊन ठेव, बऱ्याच प्रोजेक्टच्या जाहिरातींत नेट किंवा गेट असेल तर पगार जास्त असतो.

महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर दिल्लीत जेएनयू, बंगळुरूचं आयबॅब, पाँडिचेरी आणि हैदराबादची विद्यापीठं बघ. केंद्रीय विद्यापीठांत फी खूप कमी असते आणि होस्टेल मिळालं तर पुण्यात खोली घेऊन राहण्यापेक्षा स्वस्त पडतं, हा हिशोब मुलं करतच नाहीत.

बार्शीची_मृण्मयी:

बापरे, एवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. प्रायमरवालं दोनदा वाचलं, कागदावर चित्र काढल्यावर कळलं. सूक्ष्मदर्शी ताई, तुमचं शेवटचं वाचून पोटात कालवलं, आमच्या वाड्यातच एक काका होते टीबीचे, त्यांचं ताट खरंच वेगळं होतं.

आता अजून विचारते. गणिताचं काय? आणि कोडिंग आधी पायथन शिकू की आर की अजून काही? लॅपटॉपबद्दल कोणीच बोललं नाही. आणि आमच्याकडे शिकवणारं कोणी नाही, माझ्यासारख्याच तिघी मैत्रिणी आहेत ज्यांना शिकायचंय.

थेम्सकाठचा_कोल्हापूरकर:

मृण्मयी, मी इंग्लंडमध्ये जिवाणूंच्या जीनोमिक्सवर काम करतो, मूळ शिक्षण सगळं शिवाजी विद्यापीठातलं.

लॅपटॉप पुरेसा आहे. विषाणू आणि जिवाणूंचे जीनोम माणसाच्या मानाने फार छोटे, टीबीचा एक नमुना म्हणजे काही शे एमबीच्या दोन फाइल. ८ जीबीवर रीड्स साफ करणं, संदर्भावर बसवणं, एसएनपी काढणं, छोटं झाड काढणं हे सगळं आरामात होतं. विंडोज असेल तर त्यातच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकून उबुंटू हे लिनक्स चालव. जे मावत नाही, उदाहरणार्थ नमुन्यात कुठले जंतू आहेत ते ओळखणाऱ्या क्रॅकेनचा पूर्ण डेटाबेस, ते गॅलक्सी नावाच्या फुकट सर्व्हरवर ब्राउझरमधून होतं, त्यांचं ट्रेनिंगचं साहित्यही फुकट आहे आणि त्यात टीबीवर, प्रतिरोधाच्या जीन्सवर, सार्स-कोव्ह-२ वर वेगळे धडे आहेत, डेटासकट.

क्रम विचारलास तर पायथनच्या आधी लिनक्सची कमांड लाइन. ग्रेप, कट, सॉर्ट, ऑक, लूप, पाइप. एवढं हातात बसलं की अर्धं काम झालं, कारण या क्षेत्रातल्या सगळ्या फाइल म्हणजे साध्या मजकुराच्या फाइल. फास्टक्यू (रीड्स), सॅम (रीड्स संदर्भावर कुठे बसल्या), व्हीसीएफ (सापडलेले बदल) या तीन फाइल उघडून त्यातला प्रत्येक रकाना काय सांगतो ते तोंडपाठ कर, इथे मुलं फार कच्ची राहतात. मग आर, आलेखांसाठी आणि संख्याशास्त्रासाठी. पायथन त्यानंतर. गणिताची भीती नको, डिफरन्शियल इक्वेशन रोज लागत नाही. लागतं ते प्रोबॅबिलिटी आणि लॉगरिदम. क्यू३० म्हणजे हजारात एक अक्षर चुकण्याची शक्यता, क्यू२० म्हणजे शंभरात एक, हे समजलं का? मग २९,९०३ अक्षरांचा जीनोम एकदाच क्यू३० ने वाचला तर किती चुका राहतील आणि तीच जागा शंभर वेळा वाचली तर काय फरक पडतो, हे कागदावर सोडव. तुला लागणारं गणित बहुतांश याच जातीचं आहे.

तिघी मैत्रिणी आहेत हे फार चांगलं झालं. आफ्रिकेत एच३एबायोनेट या बायोइन्फर्मॅटिक्सच्या जाळ्याने नेमकं हेच केलं. २०१६ पासून त्यांनी बायोइन्फर्मॅटिक्सचा कोर्स एकाच वेळी अनेक देशांतल्या वर्गांमध्ये चालवला, व्याख्यानं दुरून, पण प्रत्येक ठिकाणी मुलं एकत्र बसणार आणि स्थानिक मदतनीस शेजारी असणार. एकट्याने ऑनलाइन शिकताना माणूस पहिल्याच इन्स्टॉलेशनच्या एररला अडकून सोडून देतो, शेजारी कोणी असलं तर तो एरर पार होतो. तुम्ही चौघी आठवड्यातून दोनदा कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसा. सरांना विचारा, देतील.

परदेशाचं आत्ताच डोक्यात घेऊ नकोस, पण माहिती असू दे. एरास्मस मुंडसमध्ये संसर्गजन्य रोग आणि वन हेल्थवर (माणूस, जनावरं आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र बघणं) एक संयुक्त मास्टर्स आहे, शिष्यवृत्तीसकट. इंग्लंडमध्ये २०१७ पासून टीबीचे जीनोम रोजच्या निदानासाठी वाचतात, त्यामुळे इथे प्रयोगशाळांमध्ये या कामाची कायमची पदं आहेत. मात्र फी भरून, कर्ज काढून यायला मी कुणालाही सांगत नाही. शिष्यवृत्ती मिळाली तरच.

पशुवैद्य_शिरवळ:

मध्येच घुसतोय. तुम्ही सगळे माणसांच्या रोगांचं बोलताय, जनावरांकडे पण बघा. २००६ ला देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापूरला सापडला, २०२२ ला लंपीने किती गोठे रिकामे केले ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. लंपीचा विषाणू डीएनएचा, जीनोम जवळजवळ दीड लाख अक्षरांचा, कोविडच्या पाचपट. शेतकरी विचारायचे, डॉक्टर, शेळीच्या देवीची लस गाईला कशी चालते? उत्तर जीनोममध्येच आहे, दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले, एवढे जवळचे की एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला बऱ्यापैकी पुरते. पण किती पुरते, इथे फिरणारा लंपीचा विषाणू बदलतोय का, हे बघायला जिल्ह्या-जिल्ह्यातून सिक्वेन्स हवेत आणि ते वाचणारी माणसं हवीत. आमच्याकडे नमुने भरपूर, विश्लेषण करणारे हात अगदी कमी. मुली, तुझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टला विषय सापडला नाही तर पशुवैद्यक कॉलेजचं दार ठोठाव, जनावराच्या नमुन्याला कागदपत्रं पण माणसापेक्षा कमी लागतात.

पाषाणकर:

सूक्ष्मदर्शी ताईंचा मुद्दा मान्य, बेंचच्या नोकऱ्यांचं त्या म्हणतात ते खरं आहे. घरून लवकर कमावण्याचा दबाव असेल तर मायक्रो जास्त सुरक्षित. मी बायोइन्फर्मॅटिक्स म्हणालो त्याचं कारण वेगळं. मायक्रोच्या एमएस्सीत संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग एखाद्या पेपरपुरतं असतं, ते स्वतः उभं करायला शिस्त लागते आणि शेजारी शिकणारी मुलं लागतात. मृण्मयीच्या आधीच तिघी मैत्रिणी आहेत म्हटल्यावर मायक्रो करूनही जमेल असं आता मलाही वाटतंय.

बाबांच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो. सरकारी संस्थांमध्ये सुरुवात बहुतेक वेळा प्रोजेक्टच्या पदावर होते, वर्षाचं कंत्राट, निधी असेल तर पुढे वाढतं. कोविडमध्ये भरपूर पदं निघाली, साथ ओसरल्यावर त्यातली बरीच बंद झाली, माझ्या बरोबरची चांगली चांगली मुलं आयटीत नाहीतर कॅन्सरच्या जीनोमिक्स कंपन्यांत गेली. मला हे आजही लागतं. तयार झालेली माणसं आपण हातची घालवली, आणि पुढच्या साथीला परत नव्याने शिकवत बसणार. २०२१ च्या मार्चमध्ये विदर्भातल्या कोविडच्या नमुन्यांत एल४५२आर आणि ई४८४क्यू हे स्पाइकमधले दोन बदल एकत्र दिसायला लागले ते दिसले कारण तेव्हा बघणारी माणसं जागेवर होती. त्याच घराण्यातून पुढे डेल्टा आला. तरी यातलं कौशल्य वाया जात नाही, लस कंपन्या आहेत, डायग्नॉस्टिक किट बनवणाऱ्या आहेत, ट्रूनॅट हे तपासणीचं मशीन तर आपल्या गोव्याच्या कंपनीचं, त्यांना प्रायमर डिझाइन करणारे आणि नवीन बदलाने प्रायमर फसतोय का बघणारे लोक लागतात. पीएचडी करायची असेल तर रस्ता मोठा आहे. नसेल करायची तर एमएस्सीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं अस्थिर जातील हे घरी आधीच सांगून ठेव.

आता तुम्हा चौघींना एक काम देतो, प्रवेश परीक्षेच्या आधी करा. एनसीबीआयच्या एसआरएवरून (रीड्सचा ऑनलाइन साठा) टीबीच्या दोन-चार नमुन्यांच्या रीड्स उतरवा, असे नमुने निवडा ज्यांच्या पेपरात लॅबमधला औषध-संवेदनशीलतेचा रिपोर्ट दिलाय. फास्टपीने साफ करा, बीडब्ल्यूएने एच३७आरव्हीवर बसवा, बीसीएफटूल्सने बदल काढा, आणि आरपीओबी, कॅटजी ही दोन जीन्स आयजीव्हीमध्ये उघडून डोळ्यांनी बघा. मग टीबी-प्रोफायलर (रीड्सवरून प्रतिरोध सांगणारं सॉफ्टवेअर) चालवून तुमचं आणि त्याचं उत्तर जुळतंय का बघा. जुळलं नाही तर का नाही, ते शोधा. हा शोध पूर्ण करून मुलाखतीला गेलात तर बोलायला स्वतःचं काहीतरी असेल.

सूक्ष्मदर्शी:

हे काम उत्तम आहे. त्यात एक भर घालते, एक नमुना मुद्दाम असा घ्या ज्यात लॅबने प्रतिरोध सांगितलाय आणि जीनोममध्ये ओळखीचा बदल दिसत नाही. एसएनपी सोडून जीनचा तुकडा गळलाय का बघा, कव्हरेज (ती जागा किती वेळा वाचली गेली) कमी पडलंय का बघा, मिश्र संसर्ग असेल तर दहा-पंधरा टक्के रीड्समध्येच बदल दिसेल, तो गाळणीत उडून तर गेला नाही ना ते बघा. अडलात तर इथेच लिहा, मी बघेन.

बार्शीची_मृण्मयी:

क्यू३० चं गणित केलं. एकदाच वाचलं तर जवळपास ३० चुका राहतील. शंभर वेळा वाचलं तर एखाद्या रीडमध्ये चूक असली तरी बाकीच्या नव्व्याण्णवांमुळे ती बाजूला पडते, पण चूक प्रत्येक रीडमध्ये एकाच जागी होत असेल, म्हणजे तुमच्या प्रायमरसारखी, तर शंभर काय हजार वेळा वाचूनही उपयोग नाही. बरोबर ना?

बाबांना जेआरएफचं आणि कंत्राटाचं, दोन्ही वाचून दाखवलं. ते म्हणाले दोन परीक्षा दे, गॅट-बी पण आणि सीयूईटी पण, आणि पुण्यातल्या एमएस्सी मायक्रोचा फॉर्म पण भर, यादी लागल्यावर ठरवू. सर सोमवार आणि गुरुवारी लॅबची किल्ली द्यायला तयार झालेत. उबुंटू टाकलंय, एसआरए टूलकिट टाकताना ‘परमिशन डिनाइड’ असं येतंय, ते काय करायचं?

थेम्सकाठचा_कोल्हापूरकर:

गणित एकदम बरोबर. एररसाठी, फाइल कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलीस ते सांग. सी ड्राइव्हमध्ये असेल तर आधी लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलव, मग चमॉड प्लस एक्स (फाइल चालवायची परवानगी देणारी कमांड) देऊन परत चालव. नाही झालं तर एररचा पूर्ण मजकूर इथे चिकटव, फोटो नको.